खुटखुट

मराठी भाषेतील काही शब्द मोठे दुहेरी व्यवहाराचे असतात. 'खुटखुट' हा त्यांपैकीच एक. सैल झालेला अडसर वाऱ्याने खुटखुट करतो आणि एखादी गोष्ट पटेनाशी झाली की मनालाही खुटखुट लागते. पहिली कानाला ऐकू येते, दुसरी येत नाही, एवढाच काय तो भेद. २०२५ च्या पावसाळ्यात या दोहोंशी आमची एकदमच गाठ पडली.

एमएच-४३ ही नवी मुंबईची अक्षरे कपाळी मिरविणारी आमची लहानशी मोटार २०१० च्या दसऱ्याला घरी आली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तिची तपासणी करवून घ्यावी, पर्यावरण कर भरावा, आणि मग सरकार पाच वर्षांचे आयुष्य वाढवून देणार. ऑक्टोबरात ही मुदत भरत होती. आमच्या चिरंजीवांचे मत असे की, आता तिला निरोप द्यावा. ते म्हणाले, "बाबा, मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ साली गेल्या. तुम्ही काय घेऊन बसलात?" उदाहरण खरे होते. विसाव्या वर्षी टॅक्सीने रस्ता सोडावा असा नियम आहे, आणि त्याप्रमाणे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून नाहीशी झाली. परंतु आम्ही स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले! सांधे कसे चालतात हे न पाहता केवळ जन्मतारीख पाहून कोणाला घरी बसविले की आमच्या अंगाचा तिळपापड होतो. शिवाय याच गाडीतून आमच्या वडिलांना आम्ही शेवटचे इस्पितळात नेले होते, हे आम्ही बोलून दाखविले नाही. पितापुत्रांच्या वादात जे खरे कारण असते, ते बहुधा कोणीच बोलून दाखवीत नाही.

अशा ऐन प्रसंगी गाडी वाजू लागली. पुढच्या डाव्या अंगाने, तळातून कोठून तरी, 'खुट्' असा आवाज येई. चिरंजीवांना आयताच पुरावा मिळाला. अखेर तह ठरला: मुदत भरण्यापूर्वी आवाज सापडला तर गाडी राहील, न सापडला तर जाईल.

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ही नगरी आधी कागदावर आखली आणि मग जमिनीवर उतरविली. त्यामुळे येथे सर्व तऱ्हेचे रस्ते एका हाकेच्या अंतरावर मिळतात. वाशीहून बेलापूरपर्यंत खाडीच्या कडेने जाणाऱ्या पाम बीच मार्गावर आमची गाडी योग्यासारखी मौन धरी. नेरुळच्या आमच्या सेक्टरातील गल्लीत शिरून सिमेंटच्या ठोकळ्यांवर चाक चढले, की लगेच 'खुट्'!

आम्ही एकामागून एक तीन कारखान्यांच्या पायऱ्या चढलो. पहिल्या ठिकाणी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. दुसऱ्या ठिकाणी त्यांच्या माथ्यावरील बैठका बदलल्या. तिसऱ्या ठिकाणी गाडीला संगणक जोडून, तिला काही झालेलेच नाही असा निर्वाळा मिळाला. तिन्ही ठिकाणी गाडी लिफ्टवर चढवून चाके हलविली, लोखंडी पहारीने सांधे उचकून पाहिले आणि माना हलविल्या. चौदा हजार रुपये खर्च झाले. आवाज होता तेथेच होता.

वास्तविक ठोकून, ऐकून दोष ओळखणे ही कला आपल्याला नवी नाही. आमची आजी टिचकी मारून वाजविल्याखेरीज मडके विकत घेत नसे. ऑस्ट्रियातील आउएनब्रुगर नावाच्या वैद्याने रोग्याची छाती बोटांनी ठोकून आतील रोग ओळखण्याची रीत १७६१ साली प्रसिद्ध केली. तो एका खाणावळवाल्याचा मुलगा होता. पिंपात दारू कुठवर भरली आहे हे पिंप ठोकून पाहण्याची चाल त्याच्या परिचयाची होती, असे सांगतात. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेकने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली आणि तीतून आजची श्रवणनळी जन्मास आली. परंतु छातीतील आवाज जेथे ऐकू येतो त्याच्या आसपासच बहुधा त्याचे कारण असते. लोखंडाचे तसे नाही. लोखंड आवाज पुढे पोहोचविते. एका टोकाला झालेला ठोका दुसऱ्या टोकाशी ऐकू येतो, आणि निरपराध शॉकअपला शिक्षा होते!

या सर्व काळात आमच्या सौभाग्यवती डाव्या बाजूच्या आसनावर, म्हणजे आवाजाच्या अगदी माथ्यावर, बसत होत्या. एकदा त्या म्हणाल्याही, "अहो, मोठ्या गतिरोधकावर ही गप्प असते. आपल्या फाटकापाशी एकच चाक आधी चढते ना, तेव्हाच बोलते." आम्ही हसलो. मोठ्या धक्क्याला मौन आणि लहान धक्क्याला वाचा, हे आमच्या तर्कशास्त्रात बसेना. तीन आठवडे आम्ही त्या वाक्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

सप्टेंबराच्या अखेरीस तुर्भ्याच्या बाजारातून कांदे-बटाटे घेऊन परतत असता, ट्रक जेथे मुक्कामाला असतात त्या बाजूला आम्ही वाट चुकून शिरलो. तेथे ट्रकचे पाटे दुरुस्त करणारे एक वृद्ध मिस्त्री गाडीचा आवाज ऐकून आपण होऊन म्हणाले, "साहेब, कधी वाजते?" हा प्रश्न तोपर्यंत आम्हाला कोणीही विचारला नव्हता. सर्वांनी 'कोठे वाजते' असेच विचारले होते. आम्ही निरुत्तर झालो. उत्तर डाव्या आसनावरून आले, तीन आठवड्यांपूर्वीचेच, शब्दशः.

मिस्त्रींनी मान डोलविली. त्यांच्यापाशी लिफ्ट नव्हती, जमिनीत खणलेला खड्डा होता. गाडी त्यावर उभी केली, स्वतः खाली उतरले आणि आम्हाला डाव्या चाकावरचा पत्रा दाबून सोडण्यास सांगितले. चौथ्या दाबाला खालून आवाज आला, "सापडले!"

पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी जोडणारा एक आडवा लोखंडी दांडा असतो. वळणावर गाडी एका अंगाला फार कलू नये, हे त्याचे काम. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर तो आपल्या जागी नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही. एकच चाक उचलले गेले की मात्र तो पिळवटतो आणि आपल्या बैठकीवर जोर देतो. म्हणूनच रुंद गतिरोधकावर शांतता आणि फाटकाशी खुटखुट. लिफ्टवर दोन्ही चाके सारखीच लोंबकळतात, दांड्यावर भार राहत नाही, आणि दोष झाकला जातो. मिस्त्री म्हणाले, "गाडी टांगली की ती खोटे बोलते. तिला पायांवर उभी करून विचारावे."

दांडा शाबूत होता. त्याला धरणारी पट्टीही शाबूत होती. झिजले होते ते या दोन लोखंडांमधील रबरी बुश. मिस्त्रींनी तो आमच्या तळहातावर ठेवला. पेढ्याएवढा काळा तुकडा. त्याचे गोल भोक लांबट झालेले. पंधरा वर्षे दोन कठीण वस्तूंच्या मध्ये राहून त्याने एकीचा धक्का दुसरीला लागू दिला नव्हता, आणि तितकी वर्षे तेथे असे काही आहे याची आम्हाला वार्ता नव्हती. दोन्ही बाजूंचे बुश मजुरीसह साडेचारशे रुपयांत बदलून झाले.

घरी येताना फाटकाशी चाक चढले. आवाज आला नाही. ऑक्टोबरात तपासणी झाली, पाच वर्षांची मुदत मिळाली. चिरंजीवांनी शब्द पाळला आणि गाडीचा विषय पुन्हा काढला नाही. ते तसे सहजासहजी ऐकणारे नव्हेत, आणि आम्हीही नव्हे. तह घडला कसा, याचा आम्ही मागाहून विचार केला, तेव्हा आठवले की त्याची कलमे स्वयंपाकघरात ठरली होती. आमचे कडू बोल चिरंजीवांपर्यंत आणि त्यांचे आमच्यापर्यंत पोहोचत, ते नेहमी मऊ होऊन.

तो झिजलेला बुश आम्ही टेबलावर ठेवला आहे. सौभाग्यवतींनी विचारले, "हे कशाला जपून ठेवले? आता खुटखुट गेली ना?"

"गाडीची गेली," आम्ही म्हणालो. पुढचे काही बोलवेना. तीन आठवडे ज्यांचे ऐकून घेतले नाही, त्यांना ते सांगायचे तरी कसे!