एकविसावं नाव

आमची शाळा पाथर्डी तालुक्यात, बालाघाटातल्या एका वाडीवर. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. पट विशीच्या जरा मागं-पुढं, आणि सगळा घोळ त्या विसातच आहे. शिक्षण हक्क कायदा साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक देतो. मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं मात्र २० पर्यंतच्या पटाला एकच नियमित शिक्षक धरला. दुसरा लागलाच तर निवृत्तांतून. म्हणजे ३० सप्टेंबरच्या पटावर एकविसावं नाव असणं, तेही आधार जुळलेलं, हाच आमचा दुसरा शिक्षक.

पटावर मुलीच जास्त. सकाळी व्हॅन येते ती मुलग्यांना इंग्रजी शाळेत नेते, बहिणी आमच्याकडं. जातीच्या रकान्यात बहुतेक भटक्या जमाती, म्हणजे वंजारी आणि थोडे धनगर. २०२३ पर्यंत मोफत गणवेश सगळ्या मुलींना आणि मुलग्यांत फक्त अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळे. उरायची दोन-तीन पोरं, त्यांचे आईबापही उसाच्या फडातलेच. गणवेश वाटायचा दिवस मला नकोसा व्हायचा.

सप्टेंबरचा पट आमच्याकडं फसवा असतो. दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या ट्रकात बसतात आणि वर्ग रिकामा होतो. आजीकडं राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहातून दोन वेळचं जेवण मिळतं, त्यामुळं काही जण टिकतात. एका आईला मी खूप विनवलं. ती म्हणाली, "गुरुजी, थोरलीला ठिवलं तर धाकट्याला फडात कोण सांभाळंल?" थोरली तिसरीत होती. तिच्या हातात शिक्षण हमी पत्रक दिलं, कारखान्याजवळच्या शाळेत दाखव म्हणालो. पाडव्यानंतर ती परतली तेव्हा पत्रकाची घडीही मोडलेली नव्हती. टनाचा हिशेब मात्र तोंडी करत होती.

खोटी नावं लावायची सोय आता उरलेली नाही. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पोरांच्या बोटांना शाई लावून मोजलं होतं, ते इथं सगळ्यांना आठवतं. तरी सप्टेंबरात कुणी दाखला मागायला आलं की सोबतचे गुरुजी आधी चहा सांगतात. मग म्हणतात, "नेता येईल हो, महिनाभर थांबा की."