दाभण आणि दोरा

"विष घातलंय त्याला. एवढं फक्त कागदावर लिहून द्या."

जुलै महिना होता. आदल्या आठवड्यात हिंदमाताला दरवर्षीसारखं गुडघाभर पाणी भरून ओसरलं होतं. लालबागच्या एका चाळीतून आई आणि मुलगा आले होते आणि हातगाडीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेला त्यांचा मोती. मेलेलं जनावर न्यायला टॅक्सीवाले तयार होईनात, म्हणून हातगाडी. मोती सहा वर्षांचा, गावठी, चाळीच्या जिन्याखाली जन्मलेला आणि पहिल्याच पावसात यांच्या उंबऱ्यावर येऊन बसलेला. चार दिवस त्याने काही खाल्लं नव्हतं. उलट्या झाल्या, लघवी काळ्या चहासारखी झाली आणि त्या दिवशी पहाटे तो गेला. विष कुणी घातलं हेही घरात ठरलं होतं. शेजारची खोली. आधी नळावरून, मग गॅलरीतल्या चपलांवरून आणि शेवटी मोतीच्या भुंकण्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं.

"ताई, लिहून द्यायचं तर मला आत पाहावं लागेल," मी म्हटलं.

शवविच्छेदनाला आम्ही आपसात 'पीएम' म्हणतो. घरच्या माणसांसमोर तो शब्द मी वापरत नाही. त्या बराच वेळ चादरीच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "परत शिवून देता ना?"

"देतो."

या एका प्रश्नासाठी मला हा धंदा प्रिय आहे, असं म्हटलं तर विचित्र वाटेल, पण खरं आहे. सत्तावीस वर्षं मी मेलेली जनावरं उघडून पाहतो आहे. बहुतेक लोक 'नको' म्हणतात आणि त्यांचं काही चुकत नाही. जिवंतपणी सुयांनी हैराण झालेल्या जिवाला आता तरी सोडा, असंच कुणालाही वाटेल. तरी काही जण 'बघा' म्हणतात. कुत्र्याच्या, म्हशीच्या, घोड्याच्या आजारांविषयी आज पुस्तकांत जे छापलेलं आहे, त्यातलं पुष्कळसं अशाच कुणीतरी रडत रडत 'बघा' म्हटल्यामुळे कळलेलं आहे. त्या माणसांची नावं कुठल्याच पुस्तकात नसतात.

परळच्या या पट्ट्यात माणसांची आणि जनावरांची दुखणी शेजारी शेजारी नांदतात. केईएम, वाडिया, टाटा, हाफकिन. आणि हाकेच्या अंतरावर बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय. अख्खं गिरणगाव त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतं. नाव अगदी योग्य पडलं. ही मुंबई बैलाघोड्यांनीच ओढली. १८७४ साली इथे ट्राम सुरू झाली ती घोड्यांची; विजेची यायला १९०७ उजाडलं. कापसाच्या गाठी बैलांनी वाहिल्या. खांदेसूज, लंगडेपणा, उन्हाचा झटका, सगळं याच दारात यायचं. त्या रुग्णालयाला लागूनच १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय उभं राहिलं, जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. मी तिथलाच विद्यार्थी.

उघडणं पुस्तकातून शिकता येतं. गाय-म्हैस डाव्या कुशीवर ठेवायची, म्हणजे भलंमोठं कोठीपोट खाली राहतं आणि बाकीचे अवयव हाताशी येतात. घोडा उजव्या कुशीवर. तुकडे घ्यायचे ते पातळ, अर्ध्या सेंटिमीटरच्या आतबाहेर, आणि दहापट फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचे. जाड तुकडा आतून कुजतो आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली नुसता गुलाबी चिखल दिसतो. मुंबईच्या हवेत तर शरीर फार घाई करतं. मे महिन्यात सहा तासांत आतडी हिरवी पडतात, आणि तो हिरवा रंग रोगाचा की मरणाचा, हे ओळखण्यात नवशिक्याची काही वर्षं जातात. लोक प्रेमाने बर्फाच्या पेटीत गोठवून आणतात तेव्हा जीव कळवळतो. गोठताना पेशींत बर्फाचे स्फटिक धरतात आणि त्या फुटून जातात. थंड ठेवावं, गोठवू नये, हे मी फोनवर दिवसातून दोनदा तरी सांगतो.

शिवणं मात्र मी मामांकडून शिकलो. मामा आमच्या खोलीतले मदतनीस. त्याआधी ते गिरणीत साचेखात्यात बदली कामगार होते. १९८२च्या संपानंतर गिरणी गेली आणि ते इकडे आले. हातात दाभण आणि जाड दोरा घेऊन ते कुत्र्याची कातडी अशी सांधायचे, की केस खाली सारले की टाका दिसत नसे. मी नवा असताना एकदा घाईने चार लांब टाके घालून मोकळा झालो. ते काही बोलले नाहीत. माझे टाके त्यांनी उसवले आणि पहिल्यापासून शिवायला घेतलं. साच्यावर धागा तुटला तर गाठ अशी मारायची की कापडावर बोट फिरवलं तरी लागू नये, एवढं एकच वाक्य ते मधे बोलले. आज माझे विद्यार्थी माझे टाके पाहतात तेव्हा ते खरं तर मामांचे टाके पाहत असतात.

उघडण्याच्या कलेत पहिला धडा न उघडण्याचा आहे. अचानक मेलेली गाय, नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त, फुगलेलं पोट: शेतकरी याला फाशी म्हणतात, माणसांत हाच रोग काळपुळी होऊन येतो. अशा जनावराला सुरी लावायची नाही. कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, रंगवायचं आणि पाहायचं. शरीर उघडलं की जंतूंना हवा लागते, ते बीजाणू होतात आणि त्या मातीत कित्येक दशकं टिकून राहतात. पिसाळलेल्या कुत्र्याचं वेगळं. त्याच्या पोटात-छातीत डोळ्यांना काहीच दिसत नाही; जे काही असतं ते मेंदूत असतं, आणि तो नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी बर्फावर ताजा ठेवावा लागतो. या दोन रोगांचा संशय आला की आमच्या खोलीत बोलणं आपोआप थांबतं.

बाकीची शरीरं मात्र पुष्कळ सांगतात. माधवबागेपाशी, सी. पी. टँकच्या आसपास, गाय घेऊन बसलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. चार पैसे द्यायचे, पेंढी गाईपुढे धरायची आणि नमस्कार करून पुढे जायचं. गिरगावातल्या किती घरांचा दिवस तसा सुरू झाला असेल. शहरात वाढलेल्या अशा एका गाईच्या कोठीपोटातून आम्ही प्लॅस्टिकचा एक गोळा काढला, दोघांना उचलावा लागला. पिशव्या, दोऱ्या, एका देवळाच्या प्रसादाची अख्खी थैली, गाठ न सोडलेली. जाळीपोटात तारेचा तुकडा. तो पडद्यातून पुढे सरकत हृदयापर्यंत पोहोचला होता. गाय मेली ती त्या तारेने. पण ती कित्येक महिने पोट भरल्याच्या भावनेत उपाशी होती, हे मला जास्त छळत राहिलं. राज्यात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. तरी आजही कोठीपोट उघडताना मी आधी बोटांनी चाचपतो.

आणि गिधाडं. हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. माझी पहिली नोकरी रायगड जिल्ह्यात होती. नव्वदीची अखेर. लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या म्हशीला मी डायक्लोफिनॅक टोचत असे. स्वस्त, गुणकारी, दुसऱ्या दिवशी जनावर उठून चरायला लागायचं आणि शेतकरी हात जोडायचा. त्यातलं एखादं वाचत नसे. ते गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागी जायचं आणि गिधाडं उतरायची. मग हळूहळू ती उतरेनाशी झाली. मेलेली ढोरं तशीच पडून राहू लागली, कुत्री वाढली. इथे मलबार हिलवर डुंगरवाडीत पारशी समाजासमोर तोच प्रश्न आणखी कठोर होऊन उभा राहिला. शतकानुशतकांची अंत्यविधीची रीत ज्या पक्ष्यांवर टिकून होती ते पक्षीच आकाशात राहिले नाहीत.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ही घसरण मोजून दाखवली. सुरुवातीला सगळ्यांचा संशय एखाद्या विषाणूवर होता. माझाही. ताजं शव मिळणं कठीण, गिधाड उंच झाडावर मरतं आणि सापडेपर्यंत उन्हाने आतलं सगळं वितळलेलं असतं. शेवटी पाकिस्तानात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरेशी ताजी शवं मिळवून उघडली, तेव्हा काळीज, यकृत, मूत्रपिंड यांच्यावर खडूची भुकटी उधळल्यासारखा पांढरा थर होता. युरिक आम्लाचा. मूत्रपिंडं निकामी झाल्याची ती खूण. विषाणू सापडला नाही. सापडलं ते डायक्लोफिनॅक. २००४ साली हे प्रसिद्ध झालं. शंभर मृत ढोरांत एखाद्यात जरी ते औषध असलं तरी गिधाडांचा निर्वंश व्हायला पुरे, एवढं ते त्यांना मारक. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून जास्त संपली होती. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि आम्ही मेलॉक्सिकॅम वापरू लागलो.

तो शोधनिबंध मी रात्री घरी वाचला. कारण माझ्या बॅगेत होतं. किती वर्षं मी ते उचलून गावोगाव फिरलो होतो, आणि आभार घेतले होते. माझ्या हातून गेलेली गिधाडं कोणती हे मला कधीच कळणार नाही. पण त्या दिवसापासून 'हे विषाणूचं आहे', 'हे विषाचं आहे', 'हे शेजाऱ्याचं काम आहे' असं कुणी ठामपणे म्हटलं की मी आधी हातमोजे घालतो.

माझी आणखी एक चूक सांगायला हवी. दादरचे एक निवृत्त शिक्षक त्यांचा म्हातारा पॉमेरेनियन घेऊन आले होते. जिन्यात कोसळून गेला होता. प्लीहेवर गाठ होती, ती फुटून पोटात रक्त साचलं होतं. काचपट्ट्या सुंदर आल्या. मी त्या एका परिषदेत दाखवल्या, लोकांनी दाद दिली. वर्षभराने दादरच्या फुलबाजारात ते भेटले. हातात शेवंतीची पुडी होती. "डॉक्टर, तेव्हा काय निघालं हो त्याचं?" त्यांनी विचारलं. मी त्यांना कळवलंच नव्हतं. परिषदेतल्या दोनशे माणसांना सांगितलं, आणि ज्यांनी 'बघा' म्हटलं होतं त्यांना नाही. जिना उतरताना आपण त्याला उचलून घेतलं नाही म्हणून तो गेला, असं ते वर्षभर धरून बसले होते. मी तिथेच, गर्दीत, गाठीविषयी सगळं सांगितलं. ती कुठल्याही दिवशी, गादीवर झोपलेला असतानाही फुटली असती, हे सांगितलं. त्यांनी पुडी दुसऱ्या हातात घेतली आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला. त्यानंतर मी एक वही केली. त्या वहीत रोगाचं नाव नसतं, फक्त फोन नंबर आणि पुढे खूण: सांगितलं किंवा सांगायचं आहे.

मोतीला मी त्याच दुपारी उघडला. हिरड्या, डोळे, आतली चरबी, सगळं हळदीसारखं पिवळं. मूत्रपिंडं सुजलेली, त्यांवर टाचणीने टोचल्यासारखे रक्ताचे ठिपके, फुप्फुसातही रक्त. जठर जवळजवळ रिकामं. उंदराच्या औषधात पुष्कळदा झिंक फॉस्फाईड असतं, त्याचा लसणासारखा दर्प येतो, तो नव्हता. तरी जठरातला ऐवज आणि यकृताचा तुकडा विषाच्या तपासणीसाठी वेगळा ठेवला, कारण माझ्या नाकावर शेजाऱ्याची अब्रू टांगून ठेवणं बरं नव्हे. बाहेर आलो तेव्हा मुलगा बाकावर बसला होता. नडगीवर ओली जखम. "पाण्यातून चालला होतास?" तो म्हणाला, मोतीला फिरवायला रोज न्यावंच लागतं ना. मी त्याला लेप्टोस्पायरोसिसचं, म्हणजे लेप्टोचं सांगितलं. उंदराच्या मूत्रपिंडात हे जंतू सुखाने राहतात, लघवीतून पाण्यात येतात आणि जखमेतून, भिजून मऊ झालेल्या कातडीतून आत शिरतात, कुत्र्याच्याही, माणसाच्याही. "घरी जाण्याआधी समोर केईएमला दाखव. कुत्रा लेप्टोने गेल्याचा संशय आहे, असं तिथल्या डॉक्टरांना सांग." तो गेला, औषध सुरू झालं, त्याला काही झालं नाही.

मोतीला मी शिवला. घरी मात्र नेऊ देता आलं नाही. अशा शरीराला जंतुनाशक लावून दहनालाच पाठवावं लागतं. ताईंना मी त्याचा चेहरा दाखवला आणि हातमोजा दिला. त्यांनी मोज्यावरून त्याच्या कानामागे खाजवलं.

काचपट्ट्यांना वेळ लागला. चांदीच्या रंगाने रंगवल्यावर मूत्रपिंडाच्या नलिकांत ते दिसले: पिवळ्या भुईवर काळे, बारीक पीळदार धागे, टोकाशी आकड्यासारखे वळलेले. विषाच्या तपासणीत काही निघालं नाही. तोवर लालबागेत मांडवांचे बांबू उभे राहू लागले होते. संध्याकाळी मी फोन लावला आणि सगळं सांगितलं, धाग्यांचंही.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे विष नव्हतंच?"

"नव्हतं, ताई."

"नक्की ना?"

"नक्की."

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. "फोन ठेवू नका हं डॉक्टर," त्या म्हणाल्या. मग गॅलरीतून चालत गेल्याचा आवाज आला आणि दारावरची कडी वाजली.