नोव्हेनाची चिठ्ठी

सिंगापूरच्या मेट्रोवर नोव्हेना नावाचं स्टेशन आहे. थॉमसन रोडवरच्या संत अल्फोन्सस चर्चमध्ये दर शनिवारी मरियामातेची नोव्हेना नावाची प्रार्थना होते, त्यावरून ते नाव पडलं. मुंबईत माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला गेलेल्यांना इथे परकं वाटत नाही. मरियामाता आणि बाळ येशूची तसबीर तीच, आणि भक्तांनी लिहून दिलेल्या विनंतीच्या नि आभाराच्या चिठ्ठ्याही तशाच.

गर्भपात होऊन गेलेल्या जोडप्यांशी बोलणं हे माझं काम. वसई-मुंबईकडून इथे आलेल्या ख्रिस्ती मुली बोलू लागल्या की पुष्कळदा या चिठ्ठीचा विषय निघतो. एकीने सातव्या आठवड्यात बाळाचे ठोके दिसल्यावर आभाराची चिठ्ठी टाकली होती. दहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके नव्हते. पुढच्या शनिवारी नोव्हेनात बाळ झाल्याबद्दल दुसऱ्या कुणाचे तरी आभार वाचले गेले आणि ती मधूनच उठून बाहेर आली. मला म्हणाली, ‘ताई, मी आभार मानायची घाई केली का?’

अशा प्रश्नांमागे अपराधाची भावना असते. पपई खाल्ली, विमानाने आले, ऑफिसात उशिरापर्यंत बसले, घरकाम केलं. काहीजणी तर हे पापनिवेदनात सांगून येतात. म्हणून मी आधी शास्त्र सांगते. लक्षात आलेल्या गर्भारपणांपैकी साधारण शेकडा १० ते २० गर्भपात होऊन संपतात, त्यातली बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. सुरुवातीच्या या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. तो बहुधा गर्भ राहतानाच झालेला असतो. आईने जपलं असतं तर टळलं असतं, असं त्यात काही नसतं. जे पाप नाही त्याची क्षमा मागत राहिलं तर मन मोकळं होत नाही, उलट ओझं वाढतं.

तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपली रीत. मग बाळ गेल्याचंही कुणाला कळत नाही. परदेशात तर नवरा आणि डॉक्टर एवढ्यांनाच ठाऊक. चार दिवसांची आजारपणाची रजा, आणि पाचव्या दिवशी ती ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभी. ज्यांना कळतं ते म्हणतात, ‘देवाची मर्जी’, ‘होईल दुसरं’, ‘लवकर झालं ते बरं’. माया असते त्यांच्या बोलण्यात, पण श्रद्धाळू बाईला ‘देवाची मर्जी’ हे शब्द फार लागतात. जो हिरावून नेतो त्याच्याच पाया कसं पडायचं? देवाने बाळ का नेलं याचं उत्तर देण्याचा अधिकार मला नाही, आणि माझ्या मते ते देण्याची घाई फादरांनीही करू नये. बायबलातल्या स्तोत्रसंहितेत देवाला जाब विचारणारी, ‘कुठवर?’ म्हणून आक्रोश करणारी स्तोत्रं भरपूर आहेत. ती तिने मोठ्याने वाचावीत. देवावर रागावणारी बाई देवाशी बोलत असते.

चिठ्ठी टाकणाऱ्या त्या मुलीची आणखी एक भीती होती, आजीकडून आलेली. बाप्तिस्मा न झालेलं बाळ स्वर्गात जात नाही, स्वर्गाबाहेरच्या लिंबोत अडकतं. जुन्या काळी अशा बाळांना चर्चच्या पवित्र भूमीत पुरू देत नसत, त्यामुळे ही भीती घराघरांत मुरली. १९८३ च्या धर्मनियमांनी, आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा मानस असेल तर, बिशपांच्या परवानगीने अशा बाळांच्या अंत्यविधीची वाट मोकळी केली. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने प्रदीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला: या बाळांचं तारण होतं अशी आशा धरायला भक्कम आधार आहे. हे ऐकून ती बराच वेळ रडली. तोवर ती रडलीच नव्हती.

त्यानंतर आम्ही त्या तसबिरीपुढे बसलो. मी लहानपणापासून ती पाहत आले, तरी बाळ येशूच्या पायाकडे माझं नीट लक्ष गेलं ते या कामात आल्यावर. दोन्ही बाजूंना देवदूत क्रूस, भाला आणि खिळे धरून आहेत. ते पाहून बाळ दचकलंय. त्याने दोन्ही हातांनी आईचा हात घट्ट धरलाय, आणि एका पायातली चप्पल निसटून बंदाला लोंबकळतेय. आई मात्र आपल्याकडे पाहते आहे. आपल्या बाळाचं मरण तिला दिसतंय आणि ते तिला टाळता येणार नाही. तिच्यासमोर बसलेल्या मुलीला मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तिने दुसरी चिठ्ठी लिहिली. मला वाटलं होतं, पुन्हा बाळ मागेल. तिने लिहिलं होतं, ‘आमच्या बाळासाठी प्रार्थना करा. ते दहा आठवडे आमचं होतं.’

चर्चच्या आशीर्वादविधींच्या पुस्तकाच्या अमेरिकेतल्या आवृत्तीत गर्भपातानंतर आईवडिलांसाठी खास विधी आहे. छोटासाच: वाचन, प्रार्थना, आशीर्वाद. फादरांना तो माहीत असला तरी बोलावल्याशिवाय ते येणार कसे? वसईत, नाशकात, पुण्यात, कुठेही असाल, तो मागून घ्या. सहाव्या आठवड्यात गेलेल्या बाळासाठीही मागा. नवऱ्यालाही शेजारी उभं करा, त्याचंही बाळ गेलेलं असतं आणि त्याला तर कुणी विचारतच नाही.