मेळ्याच्या शेजारचे मुरार

ग्वाल्हेरास जाऊन आलेल्या माणसाला आपण किल्ल्याविषयी विचारतो, राजवाड्याविषयी विचारतो. मुरारविषयी कोणी विचारीत नाही. मोठ्या नावाच्या शेजारी राहणाऱ्याच्या वाट्यास बहुधा हेच येते. तरीही ज्या कुटुंबास मुलाबाळांसह व वडीलधाऱ्यांसह हे शहर पाहावयाचे असेल, त्याने मुक्काम मुरारास करावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

ग्वाल्हेर म्हणजे मुळात तीन वस्त्या. किल्ल्याच्या पायथ्याशी जुने ग्वाल्हेर, दक्षिणेस लष्कर आणि पूर्वेस, मुरार नदीच्या काठी, मुरार. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी जेथे तळ दिला, तेथेच पुढे लष्कर हे शहर वसले. शिंद्यांची छावणी, दौलतगंज, फालके बाजार ही तेथील नावे ऐकून मराठी माणसास परमुलखात आल्यासारखे वाटत नाही. मौज अशी की, लष्करात आज बाजार आहे आणि खरी लष्करी छावणी आहे ती मुरारात!

पौषातल्या थंडीत लोकांची रीघ लागते ती ग्वाल्हेरच्या मेळ्यास. माधवराव शिंद्यांनी १९०५ साली गुरांचा बाजार म्हणून तो सुरू केला. आता तेथे आकाशपाळणे फिरतात. कपडे, भांडी, मोटारगाड्या यांची दुकाने लागतात. मेळ्याचे मैदान मुरारकडे जाणाऱ्या वाटेवरच आहे. लष्करच्या बाजारपेठेत उतरलेल्या कुटुंबास रात्री पेंगुळलेली मुले खांद्यावर घेऊन सारे शहर ओलांडावे लागते; मुरारला उतरलेले कुटुंब थोड्याच वेळात अंथरुणावर असते. आजी-आजोबांना गर्दी सोसवेना, तर त्यांना आधी पोचवून परत येता येते. सर्वांनी मिळून केलेली सहल सर्वांना सुखाची व्हावी, तर अशा गोष्टींचा विचार आधी केला पाहिजे.

परंतु मुरार ही केवळ रात्र काढण्याची जागा नव्हे. १४ जून १८५७ रोजी येथील ग्वाल्हेर कंटिन्जंटच्या शिपायांनी उठाव केला. पुढच्या वर्षी १६ जूनला सर ह्यू रोझने मुरार घेतले आणि त्यानंतर एकदोन दिवसांतच झाशीची राणी ग्वाल्हेरच्या रणांगणी पडली. फुलबागेजवळची तिची समाधी येथून फार दूर नाही. १८८६ साली इंग्रजांनी किल्ला व मुरार शिंद्यांस परत दिले आणि बदल्यात झाशी घेतली. मुरारच्या रेसिडेन्सीजवळ १९८८ मध्ये बांधलेले, कोणार्कच्या धर्तीवरचे सूर्यमंदिरही पाहण्याजोगे आहे.

आपल्या वाचकांस आणखी एक सोय सांगावयास हवी. १९९९ साली स्थापन झालेल्या ग्वाल्हेर धर्मप्रांताचे संत पौलाचे कॅथेड्रल मुरारातच आहे. तेव्हा प्रवासातही रविवारचा मिस्सा चुकू नये. शिंद्यांचा जयविलास राजवाडा ज्याने १८७४ साली उभारला, तो मायकेल फिलोज हाही नेपल्सहून आलेल्या एका कॅथलिक घराण्यातला होता, हे मुलांना राजवाडा दाखविताना अवश्य सांगावे.

काही सूचना. मुंबईहून पंजाब मेल थेट ग्वाल्हेरास जाते. मात्र डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तरेकडील गाड्या रखडतात, म्हणून परतीच्या बेतात एक दिवस मोकळा ठेवावा. कोकणातल्या माणसास तेथील थंडी भारी पडते. मुलांसाठी लोकरीचे कपडे न्यावेत. छावणीच्या हद्दीत छायाचित्रे काढू नयेत. आणि परतताना तिळगुळाची खुसखुशीत गजक शेजाऱ्यांसाठी आणावयास विसरू नये.

मुरारला राजवाड्याचा डौल नाही आणि किल्ल्याची उंचीही नाही. पण दिवसभर मोठेपणा पाहून थकलेल्या डोळ्यांस सायंकाळी लागतो तो निवांतपणा. आणि तो ज्या गावी मिळतो, त्या गावाचेही नाव आपण घरी येऊन चार जणांत घ्यावे.