कसाची रेघ

ओमानमधल्या खाबुऱ्याच्या सोन्याच्या दुकानात गिऱ्हाईक जुनी बांगडी पुढे ठेवतं, तेव्हा सोनाराचा हात आधी काळ्या कसवटीकडे जातो. बांगडी दगडावर दाबून ओढायची, की पिवळी रेघ उमटते. तिच्या शेजारी २१ कॅरटच्या काडीची रेघ ओढायची आणि दोन्हींवरून आम्लाचा थेंब आडवा फिरवायचा. तांब्याची भेसळ जास्त असेल, तर रेघ बघता बघता विटते.

आखातात अरबी गिऱ्हाइकाची पसंती २१ कॅरटला, आपल्याकडच्या माणसाची २२ला. म्हणजे हजारात ८७५ आणि ९१६ भाग सोनं. हा फरक एकट्या रेघेवरून ओळखणं कठीण. शेजारी खात्रीची रेघ लागतेच.

प्रस्तुत लेखकाची हयात या रेघा ओढण्यात गेली. दुकानातले वरिष्ठ प्रत्येक दागिन्याबद्दल इंग्रजीत एकच विचारायचे: ‘अप टु स्क्रॅच’ आहे ना, म्हणजे दर्जाला उतरतो ना? स्क्रॅच म्हणजे ओरखडा, तेव्हा हा शब्द कसवटीवरूनच आला असणार, असं या सोनाराला कितीतरी वर्षं वाटत होतं.

पण तो आला आखाड्यातून. इंग्लंडात उघड्या मुठींनी मुष्टियुद्धाच्या झुंजी व्हायच्या. जॅक ब्रॉटन या मुष्टियोद्ध्याच्या १७४३च्या नियमांत मैदानाच्या मधोमध खडूनं एक गजाचा चौकोन आखलेला असे. पुढे चौकोनाच्या जागी रेघ आली. १८३८च्या लंडनच्या नियमांप्रमाणे खाली पडलेल्या गड्याला ३० सेकंद विसावा मिळे. त्यानंतरच्या ८ सेकंदांत त्यानं कुणाचा आधार न घेता त्या रेघेपाशी येऊन उभं राहायचं. नाही आला, तर हरला.

म्हणजे त्यांच्या रेघेपाशी माणसाचा दम बघायचा आणि आपल्या रेघेत धातूचा कस. आपली रेघ भाषेत किती खोल गेली आहे पाहा. सरकारी अर्जात आपण ‘निकष’ लिहितो, तो मूळचा सोनाराचा दगड. क्रिकेटचा ‘कसोटी सामना’ही त्याच दगडाच्या नावाचा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उत्तम निकष मुगाच्या रंगाचा, कलिंगातला किंवा तापीकाठचा सांगितला आहे. नखात गेरूची पूड लपवून रेघेचा रंग बदलणाऱ्यांचीही तिथे नोंद आहे. आपल्या खानदेशातून वाहणाऱ्या तापीचा दगड इतक्या जुन्या ग्रंथात सापडावा, याचा या सोनाराला मनापासून अभिमान वाटतो.

रेघ खोटं बोलत नाही, पण ती जिथून ओढली तेवढ्याच जागेचं सांगते. एकदा एका पाटलीची रेघ २२ला चोख उतरली आणि आटवल्यावर सोनं कमी भरलं. खोट होती झाळेत. जोडाच्या जागी हलक्या कसाचं सोनं भरलं होतं, आणि कस लावला होता मधल्या गुळगुळीत भागावर. त्या दिवसापासून हा हात जोडापाशी कस लावल्याशिवाय दागिना खाली ठेवत नाही.

भारतात जून २०२१पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. आजीच्या पाटल्यांवर मात्र तो छाप नसतो. त्या मोडायला न्याल, तेव्हा तीन जागी कस लावायला सांगा, त्यातली एक जागा जोडाजवळची असू द्या, आणि रेघ उमटताना स्वतः दगडाशेजारी उभे राहा.