फाटकापर्यंतच सरकारचा खर्च

आपल्या वस्तीत कुणाचा पोरगा नोकरीला लागला की पेढे वाटतात. कुणी वारले की सगळी वस्ती दारात उभी राहते. पण कुणी तुरुंगातून सुटून आले तर? तेव्हा दारे लोटून घेतली जातात. नळावर बायका हळू आवाजात बोलतात. पोरांना बजावले जाते, "त्याच्याकडं जायचं न्हाई." या विषयावर सहसा कुणी लिहीत नाही, कारण ज्याच्या घरात हे घडते त्याला ते झाकायचे असते. आम्ही आज मुद्दाम लिहीत आहोत.

आमच्या नात्यातला एक तरुण कुपवाडला एका कारखान्यात कामाला होता. एका मारामारीत त्याचे नाव गोवले गेले. कोर्टाने जामीन दिला. पण ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे असा जामीनदार आणायचा कुठून? आमच्या वस्तीत सगळेच भाड्याने राहणारे, नाहीतर सरकारी जागेत. जामीन कागदावरच राहिला आणि पोरगा चौदा महिने आत. शेवटी निर्दोष सुटला.

बाहेर आला तेव्हा नोकरी गेली होती. बायको लेकराला घेऊन माहेरी गेली होती. घरभाडे थकले होते. आईने चार घरची धुणीभांडी करून वकिलाची फी भरली होती आणि कानातली फुलेही मोडली होती. धंद्यासाठी कर्ज मिळते असे ऐकून आम्ही त्याला एका कचेरीत घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी विचारले, "दोन जामीनदार कोण? पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आणलाय का?" पोरगा खाली मान घालून म्हणाला, "साहेब, जामीनदार असता तर मी चौदा महिने आत कशाला राहिलो असतो?" साहेब काही बोलले नाहीत. फॉर्म मात्र परत आला.

त्याच आठवड्यात दुसरीच माणसे त्याच्या दारात आली. आत ओळख झालेल्या कुणाची तरी ती माणसे. त्यांनी जामीनदार मागितला नाही, दाखला मागितला नाही. पाच हजार रुपये काढून आईपुढे ठेवले आणि म्हणाले, "सवडीनं द्या मावशी. ह्यानं आमचं थोडं काम करावं, एवढंच." आईने त्या पैशांना हात लावला नाही. रात्री ती आमच्या घरी आली आणि म्हणाली, "दादा, आज म्या परत केलं. पर उद्या चूल पेटली न्हाई, तर त्योच घेईल."

त्या माऊलीच्या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. सुटलेल्या माणसाच्या हातावर पहिले पैसे कुणाचे पडतात, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. वस्तीतल्या बायकांचा बचत गट आणि आम्ही चार-पाच घरे यांनी मिळून त्याला हातगाडा घेऊन दिला. आज तो भाजी विकतो. बायको परत नांदायला आली आहे. पण धुणीभांडी करणाऱ्या बायकांची बचत अशा किती पोरांना पुरणार? आणि हे काम त्यांचे की शासनाचे?

माणूस आत असतो तोवर सरकार त्याच्यावर रोज खर्च करते. भिंत, पहारा, जेवण, दवापाणी, कोर्टाला नेणारी गाडी, सगळे सरकारी तिजोरीतून. फाटक उघडले की खर्च थांबतो. शिक्षा भोगून येणाऱ्याला निदान आत केलेल्या कामाची साठलेली मजुरी मिळते. खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्याला बहुधा तीही नाही. आणि आपल्या तुरुंगांत भरणा कच्च्या कैद्यांचाच आहे. २०२२ च्या अखेरीस देशात ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते, त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे. म्हणजे चारांत तीन. दर पाच कैद्यांत सुमारे एक अनुसूचित जातीचा असतो. लोकसंख्येत हेच प्रमाण सहांत एक आहे. तुरुंगाच्या आतसुद्धा जात सुटत नव्हती. झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे काही राज्यांच्या नियमावल्यांत जातीवरून ठरलेले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले, तेही सुकन्या शांता या महिला पत्रकार न्यायालयात गेल्या म्हणून. तेव्हा हा प्रश्न "त्या लोकांचा" नाही, आपल्या घरचा आहे.

तुरुंगातल्या माणसाला घर आणि काम दिले तर तो पळून जाईल, पैसे उडवील, असे म्हणणाऱ्याला आपल्याच जिल्ह्यात आटपाडीला न्यावे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. १९३९ साली औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन यांनी तिथे स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत उभी केली. उंच भिंत नाही, दंडाबेडी नाही. कैद्याने बायकापोरांसह राहायचे, शेती करायची आणि कष्टाचे खायचे. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसे तिथे मोकळ्या माळावर राहिली. याच माणदेशातल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' पडद्यावर आला. पुढे बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला बक्षीस मिळाले. सिनेमा सगळ्यांनी पाहिला, त्यातून धडा मात्र थोड्यांनीच घेतला. स्वतंत्रपूर आजही तुरुंग खात्याकडे आहे, पण तिथे जागा मोजक्याच कैद्यांना. एका छोट्या संस्थानाला जे परवडले, ते एवढ्या मोठ्या राज्याला मोठ्या प्रमाणावर का परवडू नये?

काही पावले पडली आहेत, ती नाकारून चालणार नाही. महिला व बालविकास खात्याकडे परिविक्षा अधिकारी असतात, आणि शिक्षा भोगून सुटलेल्यांना उद्योगासाठी सहाय्यक अनुदान देण्याची योजना त्याच खात्याकडे आहे. १ मे २०२२ रोजी राज्य सहकारी बँकेने येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला तारणाशिवाय ५० हजारांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के, फेड आतल्या मजुरीतून. घरची फी, दवाखाना, वकील यांसाठी ते पैसे कामी येतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. त्यात सुरुवातीला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. आमच्या त्या पोराला अशी मदत वेळेवर मिळाली असती तर चौदा महिने वाचले असते. पण निर्दोष सुटलेल्या कच्च्या कैद्याचे काय? गेलेली नोकरी आणि थकलेले भाडे त्याने कुणाकडे मागायचे?

इथे कुणी विचारील, ज्याच्या घरातला माणूस मारला गेला त्याचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो आपल्याइतका कुणाला कळणार? अत्याचार आपल्याच लोकांवर होत आले आहेत. शिक्षा माफ करा असे आम्ही म्हणत नाही. पीडिताला भरपाई मिळालीच पाहिजे, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. पण शिक्षा न्यायाधीश मोजून देतो. ती भोगून झाल्यावर उपासमारीची दुसरी शिक्षा कोणत्या कलमाखाली?

तथागतांनी हा विचार फार पूर्वी सांगून ठेवला आहे. दीघ निकायातल्या कूटदंत सुत्तात एक गोष्ट येते. राज्यात चोऱ्या-दरोडे माजले होते. राजाच्या पुरोहिताने त्याला सांगितले की मारून, बांधून, हद्दपार करून हे थांबणार नाही. जे उरतील ते पुन्हा तेच करतील. त्यापेक्षा शेती करणाऱ्याला बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी टाकून झोपू लागले. हे पैसे राजाच्या भांडारातले होते, कुणाच्या दयेचे नव्हते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. सुटणाऱ्या माणसाला पहिल्या तीन महिन्यांचा खर्च जामीनदार न मागता तुरुंगाच्या फाटकावरच मिळावा. निर्दोष सुटलेल्यालाही तो मिळावा. जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी रक्कम असावी. नगरसेवक, आमदार मते मागायला येतील तेव्हा गटारी-दिव्यांबरोबर हेही विचारा.

आणि शासन हलेपर्यंत आपण काय करायचे? ज्यांच्या घरातला माणूस आत आहे त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत जावे. ती जिल्हा कोर्टाच्या आवारात असते. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोठडीत असलेल्या कुणालाही फुकट वकील मिळतो. गरीब कैद्यांच्या योजनेची चौकशीही तिथेच करावी. परिविक्षा अधिकाऱ्याला सुटकेच्या आधी भेटावे, नंतर नव्हे. विहारातल्या मंडळींनी अशा घरांसोबत कचेरीत जावे, कारण एकटी बाई गेली की तिला उद्या या म्हणून सांगतात. सुटकेची तारीख चार घरांना आधी कळवा. त्या दिवशी फाटकावर आपला एक माणूस उभा असू द्या, आणि घरी आठवडाभराचा किराणा भरलेला असू द्या.