बागला काय आहे?

आमच्या घरात प्रवासाला कारण लागतं. नुसतं ‘जाऊन येऊ’ चालत नाही. लग्न असेल, बाप्तिस्मा असेल, कुणी दवाखान्यात असेल किंवा नवस फेडायचा असेल, तरच माळ्यावरची बॅग खाली येते. आजीच्या आयुष्यातल्या लांबच्या प्रवासांची यादी मी एकदा तिच्यासोबत बसून केली. वेलांकणी दोनदा. नाशिकला बाळ येशूच्या यात्रेला चारदा. गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनासाठी २००४, २०१४ आणि २०२४ साली. यादी संपली. वसईतली वाडी, केळी, पानवेली, दोन मुलं, दोन सुना आणि प्रत्येक प्रवासाच्या शेवटी एक मेणबत्ती.

वर्गात प्रवासवर्णन शिकताना माझ्या लक्षात आलं की हे फक्त आमच्याच घरात नाही. गोडसे भटजी १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवायला, घरावरचं कर्ज फेडायला. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत पोचल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी, आणि पुढे तिथे राहिल्या त्या इथल्या विधवांच्या शाळेला मदत मिळावी म्हणून. १८८९ साली त्यांचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक आलं. म्हणजे आपल्याकडे माणूस आधी कामाला निघतो आणि मग जाता जाता जग बघतो. काहीच काम नसताना, केवळ बघायचंय म्हणून निघालेली माणसं, त्यातही म्हातारी माणसं, त्यातही बाई, अशी आपल्या वाचनात किती येतात?

आजी-आजोबांच्या अमेरिकेलाही कारण होतंच. कारण म्हणजे माझा काका. तो सिअॅटलजवळ राहतो. २०२३ च्या मे महिन्यात दोघं तिकडे गेले आणि ऑगस्टमध्ये परत आले. काकाने जमतील तेवढ्या रजा काढून त्यांना डोंगर आणि समुद्र दाखवला. आजोबा निवृत्त चित्रकला शिक्षक. वाडीत सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, आजी एकटी ‘मास्तर’ म्हणते. त्यांनी तिथे दोन वह्या भरून स्केचेस काढली. आजीने स्केचेस काढली नाहीत, पण तिचं वर्णन आजोबांच्या वह्यांपेक्षा मला जास्त आवडतं.

माउंट रेनियर हा ४,३९२ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. तिथल्या मूळ रहिवाशांचं त्याच्यासाठीचं नाव ताहोमा. १८९९ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच्या कुशीत गाड्या जिथपर्यंत जातात त्या एका जागेचं नाव चक्क ‘पॅरडाइज’. काका पहाटे पाचला निघाला तरी वर गाडी लावायला जागा मिळेना. तीन चकरा झाल्यावर मागच्या सीटवरून आजी म्हणाली, “स्वर्गातपण पार्किंगला जागा नाही, मग आपण मेल्यावर कुठे जायचं?” काका हसून हसून चौथी चकर मारायची विसरला, असं आजोबा सांगतात.

मग ऑलिंपिक नॅशनल पार्क. तिथला रूबी बीच थंड, धुकट. पाण्यात उभे असलेले काळे सुळके आणि किनाऱ्यावर वाहून आलेले, माणसाच्या कमरेएवढे जाड ओंडके. समुद्रकाठी जन्मलेली आजी त्या ओंडक्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “एवढं लाकूड पडलंय आणि कुणी नेत नाही?” तिने एक गुळगुळीत काळा दगड उचलला, तर काका म्हणाला, “आई, इथून काही न्यायचं नाही.” तिने तो मुकाट्याने ठेवला.

दोघांना तिथे पदोपदी सुखाचं वाटलं हे खरं. स्वच्छ बाथरूम, दर थोड्या अंतरावर बाक, व्हीलचेअर जाईल असे रस्ते. म्हाताऱ्या माणसाला निसर्ग बघायचा असतो पण आधी बसायला जागा हवी असते, हे तिथल्या उद्यानांना कळलंय. पण आजी सगळा वेळ हिशोब करत होती. काकाच्या किती रजा गेल्या, किती उरल्या. हॉटेलचे किती. पेट्रोलचे किती. प्रत्येक पाटी इंग्रजीत, म्हणून प्रत्येक गोष्ट काकाने समजावून सांगायची. “तो दाखवायचा, मी बघायचे,” ती म्हणते. “मला काही विचारायचं असलं तरी तोपर्यंत तो पुढे गेलेला असायचा.”

गेटवर आजोबांना एक गोष्ट कळली. अमेरिकेत ६२ वर्षांवरच्यांना सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा आयुष्यभराचा पास ८० डॉलरमध्ये मिळतो, मात्र तो नागरिकांना आणि कायम रहिवाशांनाच. काका लगेच म्हणाला, “बघा, ग्रीन कार्ड करून घेऊया. कायमचे इकडे या.” बोलला थट्टेत, पण गाडीत पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. परत आल्यावर आजोबा मला म्हणाले, “तिथे नागरिक नाही म्हणून सवलत नाही. इथे रेल्वेची होती, ती २०२० मध्ये कोरोना आला तशी गेली. म्हातारपणाला सवलत मिळेल असा देश आता शोधायला हवा.”

त्यानंतर आजोबांनी बागचं नाव काढलं. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातलं बाग. चित्रकलेचं शिक्षण घेत असताना त्यांनी तिथल्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती पुस्तकात पाहिल्या होत्या. नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांनी १९२१ मध्ये तिथे जाऊन केलेल्या. अजिंठा त्यांनी शाळेच्या सहलींबरोबर पाच-सहा वेळा पाहिलं होतं, कारण सहल हे कारण होतं. बागला कुणी सहल नेत नाही.

घरात हे कळल्यावर पप्पांनी पहिला प्रश्न विचारला, “बागला काय आहे?” दुसरा, “तिथे आपलं कोण आहे?” दोन्हींना समाधानकारक उत्तर नव्हतं. शेजारच्या काकूंना वाटलं, संध्याकाळी कुठल्या तरी बागेत फिरायला जायचंय. पप्पांचं म्हणणं चूक नव्हतं. आजीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलंय. ते होऊ दे, मग जा. त्यावर आजी, जी आयुष्यात घरच्यांच्या शब्दाबाहेर गेली नाही, ती म्हणाली, “गुडघे नवीन मिळतील रे. मास्तर नवीन मिळणारेत का?” आजोबा तेव्हा ७८ वर्षांचे होते. मग मी सोबत जायचं ठरलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये आम्ही तिघं बोरिवलीहून अवंतिका एक्सप्रेसने इंदूरला निघालो. पूर्ण तिकिटावर.

इंदूरहून गाडी केली. पहिला मुक्काम धारला. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं, त्यामुळे त्या बाजूला मराठी कानावर पडते हे मला माहीत होतं. आजीला नव्हतं. लॉजच्या काउंटरवरच्या वयस्क गृहस्थांनी आमचं बोलणं ऐकून “या, बसा, वसईहून का?” असं हिंदी वळणाच्या मराठीत विचारलं, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. संध्याकाळी किल्ल्यासमोर आजोबा म्हणाले, “दुसरा बाजीराव इथे जन्मला, १७७५ मध्ये. आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने तह कुठे केला?” मी म्हटलं, “आपल्याकडे. वसईचा तह.” आजी म्हणाली, “म्हणजे इथलं कोणीतरी आपल्याकडे येऊन गेलंय. आता आपण आलो, फिटलं.” पप्पांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिने असं मिळवलं.

बाग धारपासून जवळजवळ शंभर किलोमीटर, विंध्यच्या दक्षिण उतारावर, बाघिनी नदीच्या काठी. लेणी बौद्ध, मूळची नऊ, टिकलीत पाच. दुसऱ्या लेण्याला लोक पांडव गुंफा म्हणतात. तिथेच माहिष्मतीच्या सुबंधू राजाचा ताम्रपट सापडला होता. त्यात विहाराच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे त्या काळातही हा मऊ वालुकाश्म ढासळत होता आणि कुणाला तरी त्याची काळजी होती. चौथं लेणं म्हणजे रंगमहाल. चित्रं होती ती मुख्यतः तिथे.

होती. कारण त्यातली बरीचशी चित्रं १९८२ मध्ये भिंतीवरून काळजीपूर्वक काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली गेली. आजोबांना हे माहीत होतं. मी विचारलं, “मग आपण ग्वाल्हेरला का नाही गेलो?” ते म्हणाले, “चित्रं पुस्तकात बघितलीत. भिंत बघायचीय.”

आजी पायऱ्या एकेक करत, माझ्या खांद्याला धरून आली. इथे व्हीलचेअर नव्हती आणि बाकही हवे तिथे नव्हते. आत अंधार. “मास्तर, इथे तर काहीच नाही,” ती म्हणाली. “डोळे सरावू दे,” ते म्हणाले. आम्ही थांबलो. कुणाची रजा संपत नव्हती. हळूहळू एका कोपऱ्यात फिकट तांबडा रंग दिसायला लागला, मग त्यातून काहीतरी वेलीसारखं वळण. आधी कुणाला दिसलं? आजीला. तिने बोट दाखवलं आणि आजोबा तिच्या बोटाच्या दिशेने वाकून बघायला लागले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या रेषेपेक्षा मला ते दोघं जास्त बघावेसे वाटले.

दुसऱ्या दिवशी गावातला एक तरुण वाटाड्या आम्हाला बाहेरच्या माळावर घेऊन गेला. बागला राष्ट्रीय उद्यानही आहे, डायनासोरच्या जीवाश्मांसाठीचं. रेनियरच्या मानाने अगदीच छोटं, जेमतेम ९० हेक्टरचं. २०२३ च्या जानेवारीत दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांसह इतरांनी या भागातल्या डायनासोरच्या ९२ घरट्यांबद्दल आणि २५६ अंड्यांबद्दल लिहिलं, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. त्याच वर्षाच्या शेवटी दुसरी बातमी आली. पाडल्या गावचे लोक शेताची राखण करणारा ‘काकड भैरव’ म्हणून ज्या गोल दगडांची पूजा करत होते, ती डायनासोरची अंडी निघाली. वाटाड्या हे सांगताना थोडा संकोचला, आम्ही हसू असं त्याला वाटलं असावं. आजी हसली नाही. “बांधावर राखणारा कुणीतरी लागतोच,” ती म्हणाली. “आमच्याकडे क्रूस असतो.”

मग त्याने एका उघड्या पडलेल्या थराजवळ गाडी थांबवायला लावली. तो काही सांगणार इतक्यात आजी खाली वाकली, दुखऱ्या गुडघ्यांनी, आणि ओरडली, “अगं, ही तर कालवं!”

दगडात रुतलेली कालवं. आमच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटलेली असतात, तशीच. वाटाड्याने सांगितलं, “माताजी, यहाँ समुंदर था।” खरंच होता. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी आताच्या नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राचा एक फाटा इतका आत आला होता. भूगर्भशास्त्रात या थरांना ‘बाग बेड्स’ म्हणतात. त्यांत शिंपले, समुद्री साळी म्हणजे सी-अर्चिन, शार्कचे दात सापडतात. समुद्र गेला, मग डायनासोर आले, मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला. त्याच लाव्हाचा काळा दगड आमच्या वसईच्या विहिरींत लागतो. आजोबा हे सगळं वहीत उतरवत होते. आजीला उतरवायची गरज नव्हती. पुस्तकांनी जे सांगितलं असतं ते तिने हाताने ओळखलं होतं, कारण तिने आयुष्यभर कालवं फोडली होती. एक सुटा तुकडा तिने उचलला, उन्हात फिरवून बघितला आणि होता तिथे परत ठेवला. या वेळी तिला कुणी सांगितलं नव्हतं.

निघण्याआधी बाग प्रिंटची ओढणी घेतली, माझ्यासाठी. तुरटी, हरडा, लोखंडाचा गंज आणि नदीच्या पाण्यातली धुलाई यांतून उतरणारा तो लाल आणि काळा. आजीने तो लाल आपल्या जुन्या लुगड्याशी मनातल्या मनात जुळवून पाहिला, आणि रंग जाणार नाही ना, हे कारागिराला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्याने न कंटाळता उत्तर दिलं.

घरी आल्यावर काकाचा व्हिडिओ कॉल आला. एरवी बोलणं ठरलेलं असतं: गोळ्या घेतल्या का, गुडघे कसे आहेत, इथे बर्फ पडलाय बघ. त्या रात्री आजीने फोन सोडला नाही. भिंत सांगितली, भैरव सांगितला, कालवं सांगितली. काका मध्ये मध्ये “मग?” एवढंच विचारत होता. शेवटी तो म्हणाला, “आई, मी आलो की मलापण दाखवशील?”

आजीने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “रजा किती आहे तुझी?”